दुष्काळाचा कालवा, उसाचा पट्टा

१८७६ ते १८७८ या वर्षांतल्या दुष्काळाने दख्खनचे कंबरडे मोडले. पुणे, नगर, सोलापूर भागातली कुटुंबेच्या कुटुंबे खडी फोडायला आणि माती वाहायला दुष्काळी कामांवर गेली. त्या काळात हाती घेतलेल्या कामांपैकी एक म्हणजे नीरेचा डावा कालवा. १८८५ मध्ये त्याला पाणी सुटले आणि वर भोरजवळ भाटघरला धरण बांधून नीरा खोऱ्यातले पाणी अडवले गेले. पुन्हा पावसाने दगा दिला तर बारामती-इंदापूरकडच्या रानातली ज्वारी-बाजरी तरावी, हा त्यामागचा हेतू होता. आज त्याच पट्ट्यात नजर पोहोचेल तिथवर ऊस दिसतो. हा बदल मातीच्या गुणाने झालेला नाही. दर टप्प्यावर कुणीतरी घेतलेल्या निर्णयांनी तो घडवला.

पहिला निर्णय हिशेबाच्या वहीतून आला. काळ्या जमिनीत ओल टिकते. पाऊस बरा झाला की रब्बी ज्वारीला कालव्याची गरज उरत नसे आणि शेतकरी पाणीपट्टी भरून ते पाणी घेत नसे. दुष्काळाच्या वर्षी मात्र सगळ्यांची मागणी एकदम येई. त्यामुळे कालवा सरकारी खात्यावर तोट्यात दिसू लागला. दरवर्षी पट्टी भरणारे बारमाही पीक पाटबंधारे खात्याला हवे होते, आणि ते उसात सापडले. सासवडचे माळी बागायतदार नीरेकाठी आले, खंडाने जमिनी घेतल्या, गुऱ्हाळे घातली आणि गूळ पेठेत पाठवू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. ठरावीक क्षेत्राला काही वर्षे पाण्याची हमी द्यायची आणि त्यातला ठरावीक वाटाच उसाला ठेवायचा, असा तिचा गाभा होता. ज्वारीचा वाटा राखण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. पण पैसा उसात असल्यामुळे उसाची ओढ वाढतच गेली.

दुसरा निर्णय दिल्लीत झाला. जावाच्या स्वस्त साखरेपुढे इथला गूळ आणि साखर टिकत नव्हती. १९३२ च्या कायद्याने साखर उद्योगाला आयातकराचे संरक्षण मिळाले आणि देशातले तीसेक कारखाने चार-पाच वर्षांत सव्वाशेच्या पुढे गेले. याच दशकात वालचंदनगर आणि रावळगाव उभे राहिले, आणि सासवडच्या माळ्यांनी अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला.

नगर जिल्ह्यात १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले होते. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला, पण गुळाच्या भावाने आणि सावकाराने शेतकरी पिचलेला होता. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणी परिसरातल्या गावोगावच्या शेतकऱ्यांकडून सहकारी साखर कारखान्यासाठी भागभांडवल जमवले. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ कारखान्याचे अध्यक्ष झाले. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी त्यांनी आधीच केली होती, त्यामुळे हा मुलूख त्यांना आकड्यांतून ठाऊक होता. १९५० च्या अखेरीस पहिले गाळप सुरू झाले. ऊस पिकवणाराच कारखान्याचा मालक, ही कल्पना इथे खरी ठरली. त्यातून शाळा, महाविद्यालये, दवाखाने आणि दूधसंघ उभे राहिले. ही कमाई कुणीही नाकारू नये.

पुढे सरकारने सहकारी कारखान्यांना परवान्यात अग्रक्रम दिला, भागभांडवल दिले, कर्जाला हमी दिली. कारखान्याचा अध्यक्ष हा आमदारकीचा उमेदवार होऊ लागला आणि आमदार पुढे मंत्री. ज्याच्या हाती ऊसतोडीचा क्रम, कर्जाची शिफारस आणि कालव्याच्या आवर्तनाचा शब्द, त्याच्या हाती तालुका आला. असा कारखाना मग पाणी कुठे आहे हे न पाहता, जिथे राजकारणाला हवा तिथे निघू लागला. मराठवाड्यातही डझनावारी चिमण्या उभ्या राहिल्या.

ताटाचे काय झाले, ते कृषी खात्याच्या आकड्यांत दिसते. १९६०-६१ मध्ये राज्यात ज्वारी ६० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर होती. आज ती त्याच्या निम्म्यावरही नाही. ऊस तेव्हा दीड लाख हेक्टरांवर होता, आता तो दहा लाखांच्या पुढे गेला आहे. ज्वारी मागे पडण्याला उसाखेरीज इतरही कारणे आहेत. सोयाबीन आले, काढणीला मजूर मिळेनात, आणि रेशनवर गहू-तांदूळ आला. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी अमेरिकेची मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. त्यानंतर गरिबाच्या घरात शिरलेला स्वस्त गहू-तांदूळ तिथेच राहिला. शिधापत्रिकेवर ज्वारी क्वचितच दिसली. भाकरीतून मिळणारा तंतू आणि लोह गेले आणि जनावरांचा कडबाही गेला.

पाण्याचा हिशेब त्याहून कठोर आहे. लागवडीखालच्या सुमारे चार टक्के क्षेत्रावरचा ऊस राज्याच्या सिंचनाचे सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी पितो, असे कृषिमूल्य आयोगाने नोंदवले आहे. पाण्याची तूट असलेल्या खोऱ्यांत ऊस नको, असे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जलसिंचन आयोगाने १९९९ मध्येच सांगितले होते. ते कुणी मनावर घेतले नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले.

आणि ऊस तोडतो कोण? बीड, धाराशिव, नगरच्या कोरडवाहू गावांतली माणसे. मुकादम दिवाळीआधी उचल देतो आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. फडाशेजारच्या कोपीत पाणी नसते, संडास नसतो. पहाटे तोडणी सुरू होते, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीत भरायच्या. एक दिवस चुकला की खाडा कापला जातो. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचे सर्वेक्षण झाले. त्यात सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. अंगावरून पाणी जाणे, पोटदुखी यांसारख्या तक्रारींवर पिशवी काढून टाकणे हाच इलाज अनेकींना सांगितला गेला होता, आणि खाड्याच्या भीतीने त्यांनी तो पत्करला. कायद्याने हे थांबवायला हवे होते. पण मजुराचा करार कारखान्याशी नसतो, मुकादमाशी असतो, आणि त्यामुळे कारखाना जबाबदारीबाहेर राहतो.

हे सारे निर्णयांनी घडले, म्हणून ते निर्णयांनी बदलताही येईल. उसाला एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) आहे, आणि चौदा दिवसांत पैसे द्यायचे बंधन १९६६ च्या आदेशाने घातले आहे. ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्रावर घेणारा सापडत नाही. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्येच भरडधान्य रेशनवर, तेव्हा एक रुपया किलोने, देण्याची तरतूद केली आहे. सोलापूर-मंगळवेढ्याची ज्वारी सरकारने खरेदी करून रेशनवर आणली, कालव्याचे आवर्तन आधी तिला दिले आणि कोयत्याची नोंद थेट कारखान्याच्या दप्तरी केली, तर १८८५ च्या कालव्याचा मूळ हेतू पुन्हा अमलात येऊ शकतो.