म्हशीचं दूध आटलं तेव्हा

लोणंदच्या कांदा बाजारातून नीरेच्या दिशेने चालू लागा. ट्रकांचे भोंगे आणि हमालांच्या हाका मागे पडू द्या. डांबर संपतं, मग रस्ताही संपतो. तुम्ही १७८२ च्या भाद्रपदात येऊन पोचला आहात.

पाय चिखलात रुततात. रेल्वेचे रूळ नाहीत. हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा पालखी सोहळा सुरू करायलाही अजून बरीच वर्षं आहेत. पुण्यात आठ वर्षांचे सवाई माधवराव गादीवर आहेत आणि कारभार नाना फडणवीसांच्या हाती आहे. शिवारात बाजरी निसवलीय, पण रानात कुणी नाही. सगळं गाव चावडीपुढे जमलंय.

तुम्ही गर्दीत शिरता. मध्ये एक बाई उभी आहे. नवरा वारलेला, पदरी मूल नाही, पण विहिरीलगतचा जमिनीचा तुकडा तिच्याकडे आहे. दिराची दुभती म्हैस अचानक आटली आणि त्याच पंधरवड्यात घरातलं एक पोर तापाने गेलं. देवऋषी घुमला, तांदळाचे दाणे मोजले आणि त्याने हिच्याकडे बोट केलं. ही बाई मी कल्पिली आहे. तिच्यावरचे आरोप मात्र मला कल्पावे लागले नाहीत.

"चेटकीण हाय ही! माझ्या म्हशीचं दूध हिनंच तोडलं!" दीर ओरडतो.

"भावजी, तुमच्या गोठ्याकडं पाऊल तरी टाकलंय का म्या?"

तिचा आवाज तुम्हाला ऐकू येतो, पण उत्तर कुणीच देत नाही. तुमच्या शेजारची म्हातारी ओठातल्या ओठात म्हणते, "जमिनीपायी चाललंय समदं." पुढच्याच क्षणी ती पदर तोंडावर ओढते. तीही विधवा आहे. मोठ्याने बोलली तर उद्या देवऋषीचं बोट कुणाकडे वळेल, हे तिला पक्कं ठाऊक आहे. दगड उचलणारे हात या गर्दीत थोडेच आहेत. बाकीचे गप्प आहेत, आणि ती बाई एकेकाच्या तोंडाकडे बघते आहे. आता ती तुमच्याकडे बघते.

सरकारदरबारी धाव घ्यावी, असं तुमच्या मनात येतं. पण कोणत्या सरकारकडे? पेशव्यांच्या दैनंदिन्यांवर लिहिताना न्यायमूर्ती रानड्यांनी नोंदवलं आहे की, चेटूक करणाऱ्यांना हुडकून शिक्षा देण्यासाठी सरकारनेच माणसं नेमली होती. देवऋषीने बोट दाखवायचं आणि दरबारानेही ते मानायचं, असा तो काळ. याच वर्षी जूनमध्ये, सातासमुद्रापार स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुस गावात, अ‍ॅना गोल्डी नावाच्या मोलकरणीचं मस्तक न्यायालयाच्या हुकमाने उडवलं गेलं. मालकाच्या मुलीच्या दुधात सुया घातल्याचा आळ तिच्यावर होता. तिथल्या विधिमंडळाला ती निर्दोष होती हे जाहीर करायला २००८ साल उजाडावं लागलं.

आता पुढे या. १९८९ मध्ये साताऱ्याचे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी करतात आणि पुढे वर्षानुवर्षं जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झगडतात. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या जातात. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघतो आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळ कायदा मंजूर करतं.

त्या कायद्याची अनुसूची उघडा. एखादी व्यक्ती करणी करते, काळी जादू करते, मंत्रतंत्राने जनावरांचं दूध आटवते असं सांगून तिचं जगणं अवघड करणं हा गुन्हा आहे, असं तिथे लिहिलेलं सापडेल. जनावरांचं दूध! चावडीपुढचा तोच आरोप एकविसाव्या शतकातल्या कायद्यात लिहावा लागला, कारण तो अजून बोलला जात होता. बदललं ते एवढंच, आणि ते फार मोठं आहे: १७८२ चं सरकार चेटकीण शोधत होतं, आजच्या सरकारने चेटकीण म्हणणाऱ्याला शोधायचं आहे.

शोधतं का? डिसेंबर २०२४ च्या अखेरीस मेळघाटातल्या एका गावात, सत्तरी ओलांडलेल्या बाईला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण झाली, तिची धिंड काढली गेली, अशी तक्रार आहे. तक्रार होऊनही न्यायासाठी तिच्या घरच्यांना जिल्ह्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपर्यंत जावं लागलं. पुस्तकातला कायदा गावात पोचायला माणसं लागतात. माझ्या मते तिथेच आपण कमी पडतो आहोत.

म्हणून, तुमच्या भावकीत किंवा वाडीत एखाद्या बाईबद्दल अशी कुजबुज कानावर आली तर गप्प राहू नका. आधी तिच्या घरी जाऊन चारचौघांदेखत बसा आणि मग पोलीस ठाणं गाठा. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे.