सुई, तुंबडी आणि शिवाशिव

गेल्या पावसाळ्यात माझी कंबर धरली. डाव्या कुल्ह्यापासून पोटरीपर्यंत अशी कळ जायची की शाळेत चाळीस वर्षे उभ्याने शिकवलेल्या माणसाला पाच मिनिटे उभे राहणे होईना. लातूरच्या हाडाच्या डॉक्टरने फोटो काढला, गोळ्या लिहून दिल्या, आराम सांगितला. एक जुना विद्यार्थी भेटायला आला आणि हट्टाने मला अ‍ॅक्युपंक्चरवाल्या बाईंकडे घेऊन गेला. दोन खोल्यांचा दवाखाना. बाईंनी आधी माझी दोन्ही मनगटे आपल्या हातात घेतली. तीन-तीन बोटे ठेवून, कधी हलकी, कधी दाबून, पाच-सहा मिनिटे त्या नाडी पाहत बसल्या. मग बारा-चौदा बारीक सुया टोचल्या आणि मी वीस मिनिटे पालथा पडून राहिलो.

पालथा पडलो तरी मन त्या मनगटांवरच राहिले. माझे लहानपण औसा तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. गावात एक वैद्य होता. तो औषधाची पुडी ओट्यावरून खाली टाकायचा आणि माझी माय ती पदरात झेलायची. नाडी पाहायचा प्रश्नच नव्हता. मायने तोंडाने सांगायचे आणि त्याने वरून ऐकायचे. सत्तरी ओलांडल्यावर एका परक्या बाईने माझी दोन्ही मनगटे एवढा वेळ धरली, तेव्हा मला वैद्यकाचा इतिहास दुसऱ्याच बाजूने दिसू लागला. आजवर मी तो औषधांचा आणि ग्रंथांचा इतिहास म्हणून वाचला होता. कोणाचा हात कोणाच्या अंगाला लागतो, असाही तो वाचता येतो.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या टिपणांत एक प्रकरण नोंदवले आहे. ते 1929 च्या डिसेंबरात ‘यंग इंडिया’त पत्ररूपाने छापून आले होते. काठेवाडातला एक अस्पृश्य शिक्षक. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. गावातल्या वजनदार माणसांनी रदबदली केल्यावर तो आला, पण बाईला वस्तीबाहेर आणा, या अटीवर. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले, आणि त्याच वाटेने ते परत गेले. न्यूमोनिया झाल्याचे डॉक्टरने लांबूनच ठरवले. फी दोन रुपये. पुन्हा यायला त्याने नकार दिला आणि ती बाई मेली. तो डॉक्टर शिकलेला होता, थर्मामीटर पाश्चात्त्य शास्त्राचे होते. पण बाईच्या अंगापर्यंत पोचायला त्या काचेच्या नळीलाही तिसऱ्या माणसाचा हात लागला.

हे आधुनिक काळात शिरलेले काही नवे पाप नव्हे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात वैद्याला श्राद्धाच्या पंगतीतून उठवले आहे. चौथ्या अध्यायात त्याचे अन्न पुवासारखे ठरवले आहे. दहाव्या अध्यायात चिकित्सेचे काम अंबष्ठ या संकर जातीच्या गळ्यात बांधले आहे. वैद्य रक्ताला, पुवाला, मुताला हात लावतो. म्हणून तो अपवित्र. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी 1977 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हाच मुद्दा धरून भारतीय विज्ञानाच्या खुंटण्याची चर्चा केली आहे. ज्या समाजात हात लावणाराच हलका ठरतो, तिथे ‘प्रतिष्ठित’ वैद्याने हात आखडता घेतला तर नवल काय?

याच्या उलट विनयपिटक उघडून पाहा. जीवक हा राजगृहातल्या गणिकेचा मुलगा. जन्मताच उकिरड्यावर टाकलेला, राजपुत्र अभयाने उचलून वाढवलेला. तक्षशिलेला सात वर्षे शिकून तो बुद्धाचा आणि भिक्खुसंघाचा वैद्य झाला. त्याच ग्रंथात अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. दुसरे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला लावले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. सातव्या शतकात यीजिंग हा चिनी भिक्खू नालंदेत येऊन राहिला. विहारांतल्या औषधोपचारांविषयी त्याने आस्थेने लिहिले. पण सुई टोचणे, डागणे आणि नाडी पाहणे या विद्यांत जंबुद्वीपातला कोणताही देश चीनची बरोबरी करीत नाही, अशी नोंदही केली. त्यात थोडा स्वदेशाभिमान असेल. तरी तेराशे वर्षांपूर्वी या दोन देशांमध्ये अशी तुलना करणारा माणूस भिक्खू असावा, हे मला महत्त्वाचे वाटते.

पण म्हणून चीनमध्ये सुईला कायम मान होता, असे कोणी समजू नये. दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘पाच हजार वर्षांची परंपरा’ असे लिहिलेले असते. आपण तरी अशा आकड्यांना भुलू नये. प्राचीनतेच्या नावावर काय काय खपवले गेले, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? शू दाचुन या चिनी वैद्याने 1757 मध्येच सुईची विद्या जवळजवळ हरवल्याची खंत लिहून ठेवली आहे. पंडित वैद्य नाडी पाहून काढ्याची चिठ्ठी लिहीत. अंग उघडे करून टोचणे, डागणे, शोषणे हे काम खांद्यावर झोळी टाकून गावोगाव फिरणाऱ्या वैद्यांकडे गेले होते. अशा फिरस्त्यांची विद्या झाव शुएमिन याने 1759 मध्ये गोळा केली, कारण शिष्ट वैद्य तिला नाक मुरडीत. पुढे 1822 मध्ये राजवैद्यकाच्या संस्थेतून सुई आणि डाग हे दोन्ही काढून टाकण्यात आले. सम्राटाच्या अंगावर असे उपचार करणे शोभत नाही, असे कारण दिले गेले. तिथे जात नव्हती, पण हात लावणाऱ्याची पायरी तिथेही खालचीच होती.

इथे मला आपली एक म्हण आठवते. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.’ वर्गात मी ती किती वेळा शिकवली असेल! आळशी माणसाच्या निरर्थक उद्योगाची थट्टा, एवढाच अर्थ मी मुलांना सांगत आलो. पण या म्हणीत एका धंद्याची नोंद आहे, हे माझ्या कधी ध्यानात आले नाही. तुंबडी लावणे हे न्हाव्याचे काम होते, आणि गावोगाव फिरणाऱ्या वैदूंचे. माझ्या आजीची पाठ धरली की पालावरून वैदू यायचा. त्याच्याजवळ जनावराचे शिंग असे, टोकाला भोक पाडलेले. कातडीवर वस्तऱ्याने चार रेघा मारायच्या, शिंग लावायचे आणि तोंडाने ओढून वारा काढून घ्यायचा. आजी म्हणायची, “हलकं वाटतंया बग लेकरा.” एकदा तीच जागा चिघळली आणि आजी महिनाभर तापाने फणफणली, हेही सांगितले पाहिजे. बिब्ब्याचा चटका, तापल्या विळ्याचा डाग, हे सगळे आमच्या वस्तीत होते. पोट फुगले म्हणून तान्ह्या पोरांनाही डागत. त्यात काही मेलीही असतील. आपल्या पूर्वजांचे म्हणून मी त्याचे गोडवे गाणार नाही.

चिनी पद्धतीत हेच तीन प्रकार आहेत: सुई, डाग आणि तुंबडी. डागासाठी ते आपल्या दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीची वाळलेली पाने जाळतात. आमचा डाग अंधश्रद्धा ठरला, त्यांचा डाग ‘थेरपी’ ठरला. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर तुंबडीचे गोल वळ जगाने पाहिले आणि शहरोशहरी ‘कपिंग’चे दर लागले. वैदू मात्र भटक्या जमातींच्या यादीत जिथे होता तिथेच राहिला.

चीनमध्ये ही उतरंड हलली ती क्रांतीच्या काळात. 1944 च्या ऑक्टोबरात माओने येनानमध्ये सीमाप्रदेशाचे चित्र मांडले: लोकसंख्या पंधरा लाख, त्यांत दहा लाखांहून जास्त निरक्षर, आणि दोन हजार मांत्रिक. पाश्चात्त्य डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, औषधे शत्रूच्या वेढ्यात अडकलेली. अशा वेळी सुई स्वस्त होती आणि उकळून पुन्हा वापरता येत होती. जू लियान ही पाश्चात्त्य वैद्यक शिकलेली बाई तिथे एका जुन्या वैद्याकडून सुई शिकली आणि 1951 मध्ये तिने ‘नवी अ‍ॅक्युपंक्चर विद्या’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक काढले. मला यात परंपरेचे प्रेम कमी आणि गरज जास्त दिसते. पण गरजेपोटी का होईना, एका शिकलेल्या डॉक्टरणीने जुन्या वैद्यासमोर शिष्य म्हणून बसणे ही मोठी गोष्ट होती. तिने ते ज्ञान होते तसे उचलले नाही, मज्जासंस्थेच्या भाषेत पुन्हा तपासायला घेतले.

आता सोलापूर. लातूरहून एसटीने तीन तासांच्या अंतरावर डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर आहे; आता तिथे स्मारक आहे. 1938 च्या सप्टेंबरात मुंबईहून निघालेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात दोघे महाराष्ट्रातले होते: सोलापूरचे कोटणीस आणि नागपूरचे चोळकर. कोटणीस येनानमार्गे आठव्या पथसेनेबरोबर उत्तर चीनच्या डोंगरांत गेले, 1941 मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या झटक्याने बत्तिसाव्या वर्षी वारले. शांतारामबापूंच्या 1946 च्या चित्रपटाने त्यांचे नाव घरोघरी गेले. त्यांच्या नावाने लुधियानाला अ‍ॅक्युपंक्चरचे रुग्णालय निघाले, म्हणून बरेच लोक समजतात की कोटणीस सुया टोचीत. ते शल्यविशारद होते. चिरफाड करणे, गोळ्या काढणे हे त्यांचे काम. सुईची विद्या भारतात आणली ती त्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसू यांनी. ते पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, शिकले आणि कलकत्त्याला परतून त्यांनी उपचार सुरू केले. म्हणूनच पश्चिम बंगालने 1996 मध्ये या पद्धतीचा कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा 2015 चा.

कोटणीसांच्या त्यागाविषयी मला पूर्ण आदर आहे. तरी एक गोष्ट मनातून जात नाही. ते सोलापुरात वाढत होते त्याच काळात, त्याच गावात, जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची तारेच्या कुंपणातली वसाहत होती. चीनच्या शेतकऱ्याच्या जखमेत हात घालणारा डॉक्टर सोलापूरने दिला, आणि तारेच्या आतल्या माणसाला इंग्रज सरकारच्या हजेरीवर सोडले. हा कोटणीसांवर ठपका नाही. शहराचा इतिहास लिहिताना दोन्ही पाने एकत्र बांधावीत, एवढेच माझे म्हणणे.

1965 नंतर चीनने खेड्यातल्याच पोरापोरींना काही महिने शिकवून ‘अनवाणी डॉक्टर’ केले. सत्तरच्या दशकात त्यांची संख्या दहा लाखांवर गेली. त्यांच्या पेटीत सुया होत्या, जडीबुटी होत्या आणि पेनिसिलिनही होते. आमच्या शेजारी जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केले, तेव्हा गावानेच निवडलेल्या बाया आरोग्यसेविका झाल्या. त्यांत निरक्षर होत्या, दलित होत्या. मराठवाड्यातल्या किती गावांत सुईणपण मांग-महार वस्तीतल्या बायांकडेच होते! बाळाची नाळ तिने कापायची, आणि बारसे झाले की त्याच बाळाला तिचा विटाळ. जामखेडला तीच बाई वजनकाटा आणि औषधे घेऊन सवर्णाच्या घरात शिरली. त्या कामात सुई कुठेच नव्हती आणि तिची उणीवही भासली नाही.

मग सुईत काही आहे की नाही? 1971 मध्ये अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टनचे अपेंडिक्स पेकिंगमध्ये काढले गेले आणि ‘नुसत्या सुया टोचून शस्त्रक्रिया’ अशी दंतकथा पसरली. शस्त्रक्रिया नेहमीच्या भुलीच्या औषधानेच झाली होती. सुया लावल्या त्या नंतर, पोट फुगल्यावर. कंबरदुखीवर जर्मनीत 1162 रुग्णांची एक मोठी चाचणी झाली, तिचा निष्कर्ष 2007 मध्ये आला. शास्त्रोक्त जागी सुया टोचलेल्यांपैकी 47.6 टक्क्यांना आराम पडला. मुद्दाम भलत्याच जागी, वरवर टोचलेल्यांपैकी 44.2 टक्क्यांना, आणि नेहमीच्या औषध-व्यायामाच्या उपचारांनी 27.4 टक्क्यांना. म्हणजे चिनी नकाशातल्या बिंदूंना फारसे महत्त्व नाही. ची, यिन-यांग या कल्पनांना मी आमच्या वात-पित्त-कफाइतकेच मानतो. पण भलत्या जागी टोचलेल्यांनाही गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा बरे का वाटले? काहीतरी घडते आहे ही अपेक्षा असेल. कोणीतरी पुन्हापुन्हा अर्धा-अर्धा तास त्यांच्या अंगाशी बसले, हेही असेल. मला तरी या आकड्यांत ती पदरात झेललेली पुडी दिसते.

मी बाईंकडे आठ वेळा गेलो. बैठकीचे तीनशे रुपये. कळ कमी झाली. ती सुईने गेली, की अशी कळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते तशी उतरली, हे मला सांगता येणार नाही. शेवटच्या दिवशी त्यांच्या कपाटात प्लास्टिकचे पेले आणि हवा ओढायचा पंप दिसला. मी म्हणालो, “ही तर तुंबडी.” त्या हसल्या. “सर, कपिंग म्हणतात याला.” मी आजीची आणि शिंगाची हकिकत सांगितली. त्यांनी हातातले काम थांबवून ऐकली आणि विचारले, “अजून कोणी लावतं का हो असं? मला बघायचं होतं.”

परतताना गंजगोलाईत थोडा फिरलो. एका कोपऱ्यात फडके अंथरून सुया, दाभण, पोत, मणी विकणारी वैदीण बसली होती. मी तिला तुंबडीबद्दल विचारले. तिने आधी मला खालवर पाहिले. मी सरकारी माणूस असेन असे तिला वाटले असावे; नोंदणी नसताना उपचार करणे 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायद्याचे कलम ठाऊक नसले तरी त्याचा दंडुका तिला ठाऊक होता. मी खाली बसलो, सुयांची एक पुडी घेतली. मग ती म्हणाली, “सासरा लावायचा, दादा. पार बार्शीपातुर बलावणं यायचं त्येला.”

“आणि ते शिंग?”

“त्येच्यासंगंच मातीत गेलं.”

तिने सुट्टे पैसे माझ्या तळहातावर मोजून ठेवले.