छायाचित्र आणि ओळ : नाईक यशवंत घाडगे

छायाचित्र चेहरा दाखवते. तो कोणाचा, कुठला आणि कधीचा, हे सांगते ती फोटोओळ. सैनिकाची कथा या दोहोंच्या मेळातूनच उभी राहते. नाईक यशवंत घाडगे यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सर्व जण ठार वा जखमी झाले. घाडगे यांनी एकट्याने धाव घेऊन हातबॉम्बने ती मशिनगन निकामी केली. मात्र लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आले. वय अवघे २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला.

१९४५ मध्ये दिल्लीत त्यांच्या पत्नीने व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते हे पदक स्वीकारले. त्या प्रसंगाच्या छायाचित्रात खुद्द सैनिकच नाही. त्याला तेथे आणते ती खालची ओळ.

घाडगे यांचा देह सापडला नाही. इटलीतील कसिनो स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. तेथे ओळ आहे, चित्र नाही.

घरोघरी गणवेशातील जुन्या तसबिरी असतात. त्यांच्यामागे नाव, पलटण, गाव आणि साल आजच लिहून ठेवावे. ओळखणारी माणसे गेली, की चेहरा निनावी होतो.