छिंगहावचा पाला

माझे शिक्षण सातवीपर्यंतच; तरी आपल्या स्मरणिकेसाठी वाचनात आलेली एक हकीकत लिहीत आहे. धाकट्याला हिवताप आला तेव्हा मी दोन दिवस घरचा काढाच उकळीत बसले होते, म्हणून ती मनाला फार लागली.

चीनमध्ये चौथ्या शतकात को हुंग नावाच्या वैद्याने हिवतापावर छिंगहाव ही वनस्पती सांगितली. आपण चैत्रात देवाला दवणा वाहतो, त्याच्याच कुळातील ही. व्हिएतनामच्या युद्धात सैनिक हिवतापाने हैराण झाले, तेव्हा १९६७ साली चीन सरकारने औषधाचा शोध आरंभिला. १९६९ साली तू यूयू या बाईंकडे एका गटाचे काम आले. त्यांनी जुन्या ग्रंथांतून व वैद्यांकडून दोन हजारांवर उपाय जमविले. छिंगहावचा गुण मात्र कधी येई, कधी न येई. को हुंगचा ग्रंथ पुन्हा पाहता ध्यानात आले की, त्याने पाला उकळावयास नव्हे, पाण्यात भिजवून पिळावयास सांगितला होता! उष्णतेनेच गुण जात असावा, म्हणून बाईंनी ईथरने कमी उष्णतेवर अर्क काढला. १९७१ च्या ऑक्टोबरात त्याने उंदरांच्या रक्तातील जंतू पार नाहीसे केले. १९७२ साली तो त्यांनी आधी स्वतः घेतला, मग २१ रोग्यांना दिला. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

भगिनींनो, जुने म्हणून टाकू नये. आणि जुने म्हणून न पारखता पाजूही नये. थंडी वाजून ताप भरला, तर आधी मुलाचे रक्त तपासून घ्यावे. काढा मागून.