तळे कुणाचे, मासे कुणाचे?

श्रोतेहो, पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला रथ निघतो. तो रथ कुणाचा, असे विचारले तर शाळकरी पोरही सांगेल, "गावाचा!" पण रानातल्या एखाद्या लहानशा तळ्याविषयी हाच प्रश्न विचारून पाहा. पाणी कुणी भरावे, गळ कुणी टाकावा, जाळे कुणी लावावे? इथे उत्तर इतके सोपे नाही.

या प्रश्नाचा जुना इतिहास पाहायचा, तर आपल्या राज्याच्या पूर्व टोकाला, भंडारा-गोंदियाकडे जावे लागते. गोंड राजांच्या काळापासून तिथल्या कोहळी समाजाने तळी बांधली. एकदोन नव्हे, हजारो. पाणी धानाला आणि गुरांना. मासे धरण्याचे काम धीवरांचे. पुढे मालकी मालगुजारांकडे राहिली, म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि 31 मार्च 1951 पासून तळी व मासेमारी सरकारकडे आली. मालगुजाराची सत्ता गेली, हे योग्यच झाले. परंतु तळ्याचा धनी बदलला म्हणून गावची रीत नव्या धन्याच्या दप्तरात आपोआप चढते, असे थोडेच आहे? मासेमारी ठेक्याची बाब झाली.

राखीव जंगलातली गोष्ट आणखी कठीण. 1927 च्या वन कायद्याने तिथे नियमाबाहेर मासे धरणे हा गुन्हा ठरवला. जी आजोबांची रीत, तोच नातवाचा गुन्हा होऊ लागला.

आता योगायोग पाहा. त्याच 1927 साली, 20 मार्चला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. वास्तविक ते तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने 1924 सालीच केला होता. ठराव होता, पण पाणी मिळत नव्हते. पुढे खटला चालला आणि 1937 साली उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. महाडला कागद होता, वहिवाट नव्हती. रानातल्या तळ्यांवर वहिवाट होती, कागद नव्हता. दोहोंपैकी एक नसले, की माणूस काठावरच उभा राहतो.

हा कागद मिळवण्याची वाट 2006 च्या वनहक्क कायद्याने मोकळी केली. वनजमिनीवरील पाण्यातल्या माशांवर आदिवासींचा व इतर पारंपरिक वननिवासींचा सामूहिक हक्क त्यात स्पष्ट मानला आहे. दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते. चोपडा, यावल, रावेरकडील सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांनी हे ध्यानात घ्यावे. मात्र हक्काबरोबर राखणही आली: पाण्याचे उगम सांभाळणे ही हक्कदारांचीच जबाबदारी आहे. आणि विष कालवून किंवा सुरुंग लावून मासे मारणे तर 1897 च्याच कायद्याने गुन्हा ठरवलेले आहे.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सांगणे. दावेदारांखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन हाही या दाव्यात पुरावा धरला जातो. तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांकडे मुलांना घेऊन जा. तळे कुणी खोदले, गाळ कोण काढी, जाळे कोणत्या महिन्यात बंद ठेवीत, हे विचारा आणि उतरवून घ्या. ती माणसे आहेत तोवरच हे काम होईल.