रांगेतली हेलिकॉप्टरं आणि एकटं आलेलं

परंड्यात आम्हा स्टुडिओवाल्यांवर हेलिकॉप्टरचा फोटो काढायची वेळ यायची ती निवडणुकीत. शाळेच्या मैदानावर चुन्याने वर्तुळ आखायचं, टँकरने पाणी मारून धूळ बसवायची, आणि पुढारी उतरण्याआधी निम्मं गाव कुंपणाला चिकटलेलं. पण येणार ते एकच. तीन-चार हेलिकॉप्टरं ठरलेलं अंतर राखून एका चालीने उडताना टिपायची, तर हौशी माणसाला गाव सोडावंच लागे.

आपल्या देशात हा देखावा तसा अलीकडचा. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थानावर पोलीस कारवाई झाली आणि सोलापूरकडून आलेल्या फौजांनी पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला, तेव्हा हवाई दलाकडे टेम्पेस्ट विमानं होती, हेलिकॉप्टर एकही नव्हतं. पहिलं आलं १९५४ मध्ये, अमेरिकी सिकोर्स्की एस-५५. पुढे फ्रान्सच्या अलुएत-३ चा परवाना घेऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्सने साठच्या दशकात ‘चेतक’ बांधायला घेतलं, आणि रांगा लावता येतील एवढी यंत्रं जमली. १ नोव्हेंबर १९८६ ला लष्कराचं स्वतंत्र हवाई दळ, म्हणजे आर्मी एव्हिएशन कोअर, उभं राहिलं. २००३ मध्ये नाशिकच्या गांधीनगर धावपट्टीवर त्यांची वैमानिक घडवणारी शाळा निघाली. त्याच वर्षी हवाई दलाने ‘सारंग’ पथक बांधलं: मोर रंगवलेली ध्रुव हेलिकॉप्टरं. २००४ मध्ये सिंगापूरला त्यांनी पहिल्यांदा लोकांसमोर कसरती केल्या.

आता आमच्या धंद्यातलं. विमान टिपताना शटर जितकं जलद तितकं बरं. हेलिकॉप्टरला हा नियम लावला की घात झाला. चेतकचा पंखा मिनिटाला साधारण ३५० फेरे घेतो. शटर १/१००० ठेवलं तर तेवढ्या वेळात पातं जेमतेम दोन अंश सरकतं, म्हणजे फोटोत पंखा थिजतो आणि यंत्र दोरीला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. १/१२५ ला तेच पातं सतरा अंश फिरतं. पंखा जिवंत दिसतो, पण आता तुमचा हात हलता कामा नये. एकच हेलिकॉप्टर असेल तर कॅमेरा त्याच्या वेगाने फिरवत नेता येतो. चार असली की प्रत्येकाचा कोन निराळा. एक धरावं तर दुसरं निसटतं. त्यात लांब पल्ल्याची लेन्स मागचं-पुढचं अंतर गिळते. फोटोत पंखे एकमेकांना लागतील असं वाटतं, आणि प्रत्यक्षात मधे भरपूर मोकळं आभाळ असतं. असा फोटो पाहून वैमानिकांच्या धाडसाची तारीफ होते. त्यातली काही लेन्सची असते.

४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन मालवणला झाला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने, तारकर्लीच्या किनाऱ्यावर. हा दिवस १९७१ च्या कराचीवरील हल्ल्याचा. मी गर्दीत वाळूवर उभा होतो. तिथला किनारा पश्चिमेकडे तोंड करून, आणि कार्यक्रम दिवस कलल्यावर. म्हणजे सूर्य सरळ लेन्समध्ये, आभाळ लख्ख, हेलिकॉप्टरं काळी ठिक्कर. कॅमेऱ्याचं मीटर अशा आभाळाला फसतं. दीड स्टॉप प्रकाश वाढवून घेतला तेव्हा कुठे खिडक्या दिसू लागल्या.

खरी अडचण मात्र जागेची. हेलिकॉप्टरांची रांग एका खुर्चीसाठी आखलेली असते. मंचावर बसलेल्याला बाणाचं टोक दिसतं. अर्धा कोस बाजूला उभ्या असलेल्याला तीच हेलिकॉप्टरं वेडीवाकडी विखुरलेली दिसतात. वर्तमानपत्रात छापून येतो तो मंचाजवळून घेतलेला फोटो. दिल्लीच्या संचलनात चार एमआय-१७ झेंडे घेऊन येतात, तिथेही हेच. मला यात नवल वाटत नाही. सत्तेने आपलं बळ मांडून दाखवायची रीत परंड्याला जुनी आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ आमच्या भुईकोटात होती. १६३२ मध्ये ती विजापूरला नेली. तिचं तोंड हत्तीला गिळणाऱ्या सिंहाचं. मारा करायला तोफेला सिंहाचा जबडा लागत नाही, तो बघणाऱ्यासाठी असतो.

उलट बाजूने, म्हणजे हेलिकॉप्टरमध्ये बसून खाली बघणारा कॅमेरा, मराठी वाचकांना उद्धव ठाकरे यांच्या ‘महाराष्ट्र देशा’ या २०१० च्या पुस्तकातून भेटला. ते राजकारणी म्हणून कुणाला कसेही वाटोत, किल्ले वरून पाहायचे असतात हे त्या छायाचित्रांनी पटवलं. भुईकोटाच्या बाबतीत तर दुप्पट खरं. परंड्याचा खंदक आणि दुहेरी तट जमिनीवरून तुकड्यातुकड्यांत कळतो.

मग २०२५ चा सप्टेंबर आला. सीना नदीला पूर आला, परंडा तालुक्यातली गावं पाण्यात गेली, आणि अडकलेल्या माणसांना उचलायला हेलिकॉप्टर आलं. त्याला बाण करायचा नव्हता, कुणापुढे मिरवायचं नव्हतं. पंख्याच्या वाऱ्याने पिवळं पाणी उधळत होतं. एक्स्पोजर-बिक्स्पोजर कुणाला सुचणार? लोकांनी मोबाइलवर दिसेल तसं टिपलं. हललेली, तिरपी, पावसाने धूसर झालेली ती चित्रं मला मालवणच्या माझ्या फोटोंपेक्षा मोलाची वाटतात. तारकर्लीची रांग कितीतरी कॅमेऱ्यांत सुरक्षित आहे. सीनाकाठचं हेलिकॉप्टर मात्र तिथल्या माणसांच्या खिशातच आहे.

म्हणून परंडा आणि भूम तालुक्यांतल्या लोकांना एक विनंती. पुराचे फोटो मोबाइलमध्ये असतील तर मोबाइल बदलण्याआधी ते बाहेर काढा. निदान चार तरी कागदावर छापून घ्या आणि मागे पेनाने गाव, वस्ती, तारीख, वेळ आणि फोटो काढणाऱ्याचं नाव लिहा.