कादंबरीच्या मागची ढोलकी

१ ऑगस्टला हिंगोलीत उभे राहा, वसमतला किंवा कळमनुरीला उभे राहा, चित्र साधारण सारखंच असतं. पिवळे झेंडे, ट्रॅक्टरवर सजवलेला फोटो, पुढं हलगी नाहीतर डीजे, आणि सकाळी उठल्यापासून प्रत्येकाच्या मोबाईलवर तेच स्टेटस. फोटोखाली दोन पदव्या असतात : साहित्यरत्न आणि लोकशाहीर. त्याखाली नाव, अण्णा भाऊ साठे.

या दोन पदव्या आपण एका दमात म्हणतो, पण वागताना त्यांची फाळणी करतो. मिरवणुकीला शाहीर लागतो, अभ्यासक्रमाला लेखक लागतो. ‘फकिरा’ची चर्चा वर्गात, ‘माझी मैना’ गाडीवरच्या स्पीकरवर. जणू दोन माणसं होती, एक गाणारा आणि एक लिहिणारा. माझं म्हणणं असं की, माणूस एकच होता आणि त्याचं कामही एकच होतं. अण्णा भाऊंच्या कादंबरीच्या मागं ढोलकी वाजत असते. ती ऐकू आली नाही तर कादंबरी अर्धीच वाचून होते.

पाट्यांवरून अक्षरं

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावचा. गाव आज सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. जात मांग. इंग्रज सरकारनं ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारून त्यांना हजेरी लावली होती, त्यांतली. शाळा दीड दिवसाची, असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगतात. पुढं घरातली माणसं पोटासाठी मुंबईला निघाली ती पायी.

मुंबईत त्यांनी पडेल ते काम केलं. ओझी वाहिली, कोळसे वेचले, फेरीवाल्याच्या मागं हिंडले, गिरणीत लागले. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचता वाचता. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची गाठ पडली, सभा-मोर्चे सुरू झाले. गाणी तिथंच जुळायला लागली.

मधल्या काळात ते गावाकडे परतले होते. नात्यातल्या बापू साठे यांचा तमाशाचा फड होता, त्यात अण्णा भाऊ शिरले. आपल्याकडच्या लेखकाच्या चरित्रात ही गोष्ट एका ओळीत उरकतात. मला ती मुळाची वाटते. कुणाचं लेखन शाळेत घडतं, कुणाचं ग्रंथालयात. यांचं फडात घडलं.

फडात काय शिकायला मिळतं? तमाशाची बांधणी ठरलेली : आधी गण, मग गौळण, बतावणी, आणि शेवटी वग. वगाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण संवाद बरेचदा तिथल्या तिथं रचायचे असतात. समोर बसलेला माणूस दिवसभर रानात राबून आलेला. त्याला कंटाळा आला की तो उठून जातो, आणि जाताना पायाचा आवाज करतो. गोष्ट कुठं ताणायची, कुठं सोडायची, सोंगाड्याला कधी पुढं आणायचा, रडवल्यावर किती वेळानं हसवायचं, हे तिथं कळतं.

जिथं छापखाना पोचत नाही

१९४४ मध्ये अण्णा भाऊ, शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. गिरणगावातल्या चाळी, संपाच्या सभा, शेतकऱ्यांच्या परिषदा, हे त्यांचं थिएटर. त्याच्या आधी अण्णा भाऊंचा ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ गाजलेला होता. दूरच्या देशातल्या लढाईची बातमी परळच्या कामगाराला पवाड्यातून कळत होती.

याला नाटकाची हौस म्हणून सोडून देता येत नाही, कारण एक आकडा आडवा येतो. १९५१ च्या जनगणनेत देशात लिहिता-वाचता येणारी माणसं शंभरात जेमतेम अठरा होती. ज्यांच्याबद्दल अण्णा भाऊ लिहीत होते, त्यांच्यात तर याहून कमीच असणार. म्हणजे ज्याच्यासाठी लिहायचं त्यालाच वाचता येत नाही. अशा वेळी रंगमंच हाच छापखाना, आणि गळा हीच आवृत्ती.

त्यांनी तमाशा घेतला तो जसाच्या तसा घेतला नाही. गणात देवाच्या जागी मातीला, कष्टकऱ्यांना, लढणाऱ्यांना वंदन आलं. गौळण गेली. वगात राजाराणीऐवजी सावकार, शेटजी, पुढारी उभे राहिले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ ही नुसती नावं वाचली तरी निशाणा कुणावर होता ते कळतं.

आपल्या भागाचाही यात संबंध आहे. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातलं एक गाव, आणि अंमल निजामाचा. त्याच निजामाच्या राज्यात, तेलंगणात, शेतकऱ्यांनी जमीनदारीविरुद्ध जो लढा उभारला त्यावर अण्णा भाऊंनी ‘तेलंगणाचा संग्राम’ हा पवाडा रचला. मराठवाडा मोकळा झाला १७ सप्टेंबर १९४८ ला. पुढं मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा ‘माझी मुंबई’ हे लोकनाट्य आणि ‘माझी मैना’ ही छक्कड गावोगाव गेली. छक्कडीतला कामगार मुंबईत, त्याची बायको गावाकडे. ताटातूट नवराबायकोची सांगितली आणि ऐकणाऱ्याला कळली ती मराठी मुलखाची.

नाव बदललं, फड चालला

सरकारला हे झेपलं नाही. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली. लाल बावट्याच्या कार्यक्रमांवरही गदा आली. वरचं कारण होतं अश्लीलतेचं. पण कलापथकाच्या वगात सरकारलाच टोचणारं बरंच काही होतं.

अण्णा भाऊंनी आपल्या खेळांना ‘लोकनाट्य’ म्हणायला सुरुवात केली. आज हा शब्द आपण सहज वापरतो, शासनाच्या पत्रिकेतही छापतो. तो रूढ झाला त्याच्या मागं ही पोलिसांना चुकवायची निकड होती, हे मात्र कुणी सांगत नाही. तमाशा म्हटलं तर बंद, लोकनाट्य म्हटलं तर चालू. माणसं तीच, ढोलकी तीच.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला ही गोष्ट ओळखीची वाटावी. नर्सीचे नामदेव औंढ्याला नागनाथाच्या देवळापुढं कीर्तनाला उभे राहिले, त्यांना तिथून उठवलं, ते देवळाच्या मागं जाऊन गायला लागले आणि देऊळच त्यांच्याकडं फिरलं, ही आख्यायिका इथल्या पोरासोरांना पाठ आहे. देऊळ फिरलं की नाही हा श्रद्धेचा भाग. पण गाणाऱ्याला समोरून उठवलं तरी ऐकणारे त्याच्या मागं जातात, हे त्या गोष्टीतलं शहाणपण लाल बावट्याच्या बाबतीतही खरं ठरलं.

तिकडं लंडनला

कादंबरीकाराला रंगमंचाचं वेड असणं मराठीपुरतं नाही. चार्ल्स डिकन्सचं नाव तुम्ही शाळेत ऐकलं असेल. वडील कर्जापायी तुरुंगात गेले आणि हा बारा वर्षांचा पोरगा बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवायला लागला. विशीत त्यानं लंडनच्या एका मोठ्या थिएटरात नट म्हणून परीक्षेची वेळ मिळवली होती. ऐन दिवशी सर्दीनं तोंड सुजलं आणि ती हुकली. पुढं तो इंग्रजीतला सगळ्यात लोकप्रिय कादंबरीकार झाला, तरी नाटक सुटलं नाही. लिहिताना तो उठून आरशासमोर जायचा, पात्रासारखी तोंडं करायचा, पुटपुटायचा आणि परत येऊन भराभर लिहायचा, अशी आठवण त्याच्या मुलीनं नोंदवली आहे. १८५८ पासून त्यानं आपल्याच पुस्तकांचे प्रयोग तिकीट लावून केले. एका खुनाचा प्रसंग तो इतक्या जिवानं करायचा की डॉक्टर नाडी मोजायला बसलेले असायचे. १८७० मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी तो गेला. या प्रयोगांनी त्याचं आयुष्य कमी केलं असं अनेकांचं मत आहे.

दोघांमध्ये साम्य दिसतं : लहानपणीचं कारखान्याचं काम, तुटपुंजं शिक्षण, गर्दीवरचं प्रेम. दोघांच्या लेखनाला शिष्ट वाचकांनी एकच दूषण दिलं, की हे भडक आहे, नाटकी आहे. पण फरक मोठा आहे. डिकन्स आधी छापला गेला आणि मग मंचावर चढला. त्याला ऐकायला आलेल्या पुष्कळांनी पुस्तक आधीच वाचलेलं असे. अण्णा भाऊ आधी मंचावर होते. आणि डिकन्सच्या प्रयोगांनी त्याला भरपूर पैसा दिला. अण्णा भाऊंच्या प्रयोगांमागं पोलीस लागले.

कादंबरीत आलेला फड

अण्णा भाऊंच्या पस्तीसच्या आसपास कादंबऱ्यांपैकी बहुतेक पन्नास आणि साठच्या दशकांतल्या, म्हणजे फडात आणि कलापथकात हात बसल्यानंतरच्या. ‘फकिरा’ १९५९ ची. वि. स. खांडेकरांची प्रस्तावना, बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण, आणि १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार. ‘वैजयंता’त तर नायिकाच तमाशातली बाई आहे. फडातल्या बाईकडे प्रेक्षक कसं बघतात आणि पडद्याआड तिची पिळवणूक कशी होते, हे आतून पाहिलेल्या माणसानं लिहिलंय. त्यावर १९६१ मध्ये सिनेमाही आला.

आता ‘फकिरा’ची सुरुवात आठवा. वाटेगावाला जत्रा भरवायची तर दुसऱ्या गावची जोगणी आणावी लागणार, आणि ती आणायला राणोजी निघतो. जोगणी गावात येते, राणोजी जिवंत परतत नाही. फकिरा त्याचा मुलगा. कादंबरी म्हणून पाहिलं तर हे फार झपाट्यानं घडतं. राणोजीच्या मनाची उलघाल पानभर नाही. वग म्हणून पाहा, सगळं जागेवर बसतं. पात्र येतं तेच बोलत येतं. प्रसंग संपतो तिथं टाळी पडेल अशी जागा असते. गाव हे एक पात्रच असतं, झीलकऱ्यांसारखं मागून साथ देणारं.

मी ‘फकिरा’ कॉलेजात असताना वाचली, परीक्षेपुरती. पुढं एका उन्हाळ्यात, लाइट गेलेली असताना, पहिलं प्रकरण आजीला मोबाईलच्या उजेडात वाचून दाखवलं. आजीला वाचता येत नाही. दोन पानं झाली तशी ती म्हणाली, “एवढं घाई घाई कामून वाचायलास? जरा थांबू थांबू वाच. हलगी वाजू दी की मधी.” पुस्तकात हलगी लिहिलेली नव्हती, तिला ती ऐकू येत होती. मी थांबत थांबत वाचलं, आणि जी वाक्यं परीक्षेच्या वेळी मला उगाच मोठ्यानं बोलल्यासारखी वाटली होती, ती बरोबर उंचीची वाटली. ती बाजेवर बसून वाचायला लिहिलेली नव्हतीच. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाईल अशी लिहिलेली होती.

भडकपणाच्या आरोपाला माझ्यापुरतं उत्तर त्या रात्री मिळालं. हा एक वेगळा करार आहे. ज्याला पुस्तक विकत घेणं परवडत नाही आणि वाचता येत नाही, त्यालाही कुणीतरी वाचून दाखवलं तर पोचेल, अशी ही भाषा आहे.

मिरवणुकीनंतर

ज्यानं इतक्यांना बोलतं केलं तो घाटकोपरच्या चिरागनगरात वर्षानुवर्षं झोपडीत राहिला. १९६१ मध्ये रशियाला जाऊन आला, प्रवासवर्णन लिहिलं, परत झोपडीत आला. १८ जुलै १९६९ ला गेला तेव्हा वय अठ्ठेचाळीस. २००२ मध्ये टपाल तिकीट निघालं, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा उभा राहिला. मोठेपणाची सगळी चिन्हं आता जमली आहेत.

आणि तरी एक गोष्ट निसटते आहे. पुतळा बोलत नाही. डीजेत शब्द ऐकू येत नाहीत. मिरवणूक बंद करा असं मी म्हणणार नाही. ज्यांना रस्त्याच्या कडेनं चालायला लावलं त्यांनी वर्षातून एकदा रस्त्याच्या मधोमध नाचलंच पाहिजे. पण ज्या माणसानं आयुष्यभर शब्द ऐकू जावा म्हणून धडपड केली, त्याच्या जयंतीला शब्दच ऐकू येऊ नये, हे बरं दिसत नाही.

तेव्हा येत्या १ ऑगस्टला एवढंच करून बघा. मिरवणूक संपल्यावर, स्पीकर बंद झाल्यावर, तिथंच पारावर चार-पाच जण बसा. एकानं ‘फकिरा’चं पहिलं प्रकरण मोठ्यानं वाचावं. बाजूला कुणाकडे तरी हलगी असेलच. ती कधी वाजवायची ते एखादी म्हातारी सांगेल.